टाकीतला ढग

तेलवाहू जहाज भरलेले असते तेव्हापेक्षा रिकामे झाल्यावर जास्त धोक्याचे असते. भरलेल्या टाकीत तेलाच्या वर उरलेल्या चिंचोळ्या जागेत वाफ बहुधा इतकी दाट असते की तिला पेट घ्यायला पुरेशी हवाच मिळत नाही. तेल उपसले की रिकाम्या जागेत बाहेरची हवा शिरते. भिंतींना आणि तळाच्या गाळाला चिकटलेल्या तेलातून वाफ निघतच राहते आणि हळूहळू तिचे हवेशी मिश्रण जमते. हवेत ही वाफ साधारण शेकडा एक ते दहा या प्रमाणात आली की स्फोटाला फक्त ठिणगी लागते. ती ठिणगीही किती लहान असावी? एक ग्रॅम वजन दोन सेंटिमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, साधारण तेवढी पुरते.

डिसेंबर १९६९ च्या मध्यावर ‘मार्पेसा’ नावाचे जहाज अशाच रिकाम्या टाक्या घेऊन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले होते. शेल कंपनीच्या ताफ्यातले हे डच जहाज त्याच वर्षी जपानमध्ये बांधून झाले होते आणि दोन लाख टनांहून अधिक तेल वाहून नेण्याची त्याची क्षमता होती. युरोपात तेल उतरवून ते पुन्हा इराणच्या आखाताकडे चालले होते. सेनेगलच्या किनाऱ्यापलीकडे असताना, टाक्या धुण्याचे काम चालू असतानाच त्याच्या पोटात स्फोट झाला. खलाशी दगावले आणि जहाज बुडाले. समुद्राने तोवर इतके मोठे जहाज गिळले नव्हते.

त्याची चौकशी सुरू होते न होते तोच, महिना संपता संपता शेलचेच ‘माक्त्रा’ मोझांबिकच्या सामुद्रधुनीत फुटले. पाठोपाठ, जवळजवळ त्याच सुमारास, ‘कोंग होकोन सातवा’ हे नॉर्वेचे जहाज लायबेरियाच्या बाजूला फुटले. ही दोन्ही जहाजे तरंगत राहिली, पण त्यांच्या डेकचे जाड पोलाद कागदासारखे उलटे वळले होते. तीन आठवड्यांच्या आत तीन जहाजे फुटली. तिन्ही प्रचंड होती, तिन्ही जवळपास नवीकोरी होती आणि तिन्हींवर स्फोटाच्या वेळी मधल्या मोठ्या टाक्यांची पाण्याने धुलाई चालू होती.

पाण्याने धुताना आग लागावी, हेच मुळात कुणाच्या पचनी पडत नव्हते.

इतकी मोठी जहाजे त्या वेळी नवीनच होती. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुवेझ कालवा बंद झाला आणि पुढची आठ वर्षे बंदच राहिला. आखातातले तेल युरोपात न्यायचे तर आफ्रिकेला पूर्ण वळसा घालणे भाग होते. लांबच्या फेरीत जहाज जितके मोठे तितका टनामागे खर्च कमी. दोन लाख टनांची मर्यादा ओलांडणारे पहिले जहाज, ‘इदेमित्सु मारू’, १९६६ मध्येच पाण्यात उतरले होते. त्यानंतर जहाजबांधणीच्या गोद्यांनी मागे वळून पाहिले नाही. जहाजे वाढली तशा त्यांच्या टाक्याही वाढल्या. एकेका मधल्या टाकीत सात-आठ मजली इमारत सहज उभी राहील अशी उंची आली. धुलाईची यंत्रे, पाण्याचे झोत, पंपांचा दाब हे सारे त्याच पटीत मोठे झाले. आकार दुप्पट-चौपट केला की आतले भौतिकशास्त्र आहे तसेच राहते, असे मात्र कुणी तपासून पाहिले नव्हते.

टाक्या धुवाव्या का लागत? तेल उतरवल्यावर जहाज हलके होते आणि वादळात पाण्यावर टिकत नाही. म्हणून काही टाक्यांत समुद्राचे पाणी भरून त्याला वजन द्यावे लागते. पुढच्या बंदरात ते पाणी समुद्रात सोडायचे, तर टाकी आधी स्वच्छ हवी. शिवाय कच्च्या तेलातले मेण आणि गाळ तळाशी साचून पुढच्या खेपेची जागा खातात. त्यामुळे युरोपातून परतताना उघड्या समुद्रात धुलाई हे रोजचे काम होते. डेकवरून टाकीत उतरवलेल्या यंत्राचे नोझल आडवे-उभे फिरत राहते. त्यातून सुटलेला समुद्राच्या पाण्याचा जाड झोत पोलादी भिंतीवर आदळतो, फुटतो आणि खाली कोसळतो. डेकवरच्या पंपमनला आतले काही दिसत नाही. पायाखालच्या पत्र्यातून झोताचा दणका फिरत फिरत जवळ येतो आणि लांब जातो, तेवढाच त्याला जाणवतो. झाकणातून डोकावले तर टाकी पांढऱ्या धुक्याने भरलेली असते. हे धुके साधेसुधे नव्हते, हे कळायला तीन जहाजे फुटावी लागली.

सुरुवातीला शोध चालला तो नेहमीच्या संशयितांचा. तेलाच्या धंद्यात विजेची भीती होती, पण ती तारेतल्या विजेची. दिवे, मोटारी, स्विच यांच्यातल्या ठिणगीची काळजी उद्योगाने फार पूर्वीच घेतली होती, आणि ते शहाणपण आले होते कोळशाच्या खाणींतून. खाणीतल्या मिथेन वायूने शेकडो माणसे मेल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आणि मग ब्रिटनमध्ये विजेच्या उपकरणांसाठी खास पेट्या बनल्या. पेटीत वायू शिरला आणि आत ठिणगी पडली, तरी स्फोट पेटीच्या आतच राहतो. बाहेर पडणारा जाळ झाकणाच्या सांध्यातल्या अरुंद फटीतून जाताना इतका थंड होतो की बाहेरचा वायू पेटत नाही. आजही तेलशुद्धीकरण कारखान्यात जाड बिडाच्या, बोल्टांनी आवळलेल्या ज्या फ्लेमप्रूफ पेट्या दिसतात, त्यांचा जन्म तो.

‘मार्पेसा’च्या टाकीत मात्र विजेचे काहीच नव्हते. दिवा, तार, मोटार यांपैकी काही नाही, आणि माणूसही नाही.

उरली ती स्थिर वीज. तिच्यावरही उद्योगाकडे एक जुना, भरवशाचा उपाय होता. पेट्रोल पंपावर टँकर खाली करायला आला की कामगार आधी अर्थिंगची क्लिप टँकरच्या अंगाला लावतो आणि मगच होज जोडतो. नळीतून वाहणारे पेट्रोल किंवा डिझेल स्वतःबरोबर विद्युतभार घेऊन जाते, आणि तो टँकरच्या पत्र्यावर साचू न देता जमिनीत जाऊ द्यायचा असतो. १९५० च्या दशकात शेलच्या अॅमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत या विषयावर खोल काम झाले होते. स्वच्छ, शुद्ध केलेले तेल विजेचे इतके मंद वाहक असते की त्यात शिरलेला भार बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून टाकी भरल्यावर तिच्यात मोजपट्टी सोडण्याआधी अर्धा तास थांबायचे, हा नियम त्या अभ्यासाच्या मुशीतूनच पक्का झाला. सगळ्याचे सार एकच होते: प्रत्येक धातू एकमेकाला आणि जमिनीला जोडा.

जहाजाला तर हे जोडणे आयतेच मिळालेले असते. हजारो चौरस मीटर पोलाद खाऱ्या पाण्यात बुडालेले असते, आणि त्याहून चांगले अर्थिंग पृथ्वीवर मिळणार नाही. धुलाईची यंत्रेही जहाजाच्या अंगाशी जोडलेली होती. मग ठिणगी पडली कुठून कुठे?

खरे तर उत्तराचा धागा शंभराहून अधिक वर्षे जुना होता. १८४० मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या एका कोळसाखाणीत वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमधून वाफ गळत होती. एका कामगाराचा एक हात त्या वाफेत आणि दुसरा झडपेकडे गेला, तेव्हा त्याला झटका बसला आणि ठिणगी दिसली. विल्यम आर्मस्ट्राँग या तरुण वकिलाने त्याचा पाठपुरावा केला. पुढे हाच गृहस्थ तोफांचा आणि जहाजांचा मोठा कारखानदार झाला. वाफेच्या झोतातून वीज निर्माण करणारे एक यंत्रच त्याने बांधले. मायकेल फॅरडेने नंतर दाखवून दिले की वीज वाफेतून येत नाही, तर वाफेबरोबर उडणारे पाण्याचे थेंब घासले जाण्यातून येते. १८९२ मध्ये फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने धबधब्यांच्या तळाशी हवेत विद्युतभार का असतो, याचा उलगडा केला. पाणी आदळून फुटते तेव्हा भार वेगळे होतात आणि त्याचे बारीक तुषार एका जातीचा भार घेऊन हवेत तरंगत राहतात. ही माहिती ग्रंथालयांत होती, पण टाकी धुणाऱ्या माणसांपर्यंत तिला कुणी आणले नव्हते.

याहून जवळचा इशाराही मिळून गेला होता. जून १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात नाफ्था घेऊन आलेल्या ‘अल्वा केप’ या जहाजाची दुसऱ्या तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली. आगीत तीसहून अधिक माणसे मेली. आग विझल्यावर जहाजात उरलेला नाफ्था सुरक्षितपणे काढण्यासाठी टाक्यांत कार्बन डायऑक्साइड सोडण्यात आला. हवा हाकलून द्यायची आणि आगीची शक्यताच संपवायची, असा हेतू होता. त्या कामातच जहाज पुन्हा फुटले आणि आणखी चौघे गेले. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर पडताना त्यात गोठलेल्या वायूचे कण तयार होतात. ते कण नळाला घासून विद्युतभार घेतात, आणि संशय त्यांच्यावरच गेला. जर्मनीतल्या बिटबुर्ग विमानतळावर १९५४ मध्ये अगदी हेच घडले होते: विमान-इंधन साठवण्याच्या जमिनीखालच्या टाकीची अग्निशमन यंत्रणा तपासताना वायू सोडला गेला, टाकी उडाली आणि माणसे जिवाला मुकली. दोन्ही वेळा माणसे आग टाळण्याचेच काम करत होती, म्हणून या घटना वाचताना आजही मन हळहळते.

१९७० मध्ये चौकशीचे काम कंपन्यांनी आणि जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून हाती घेतले. हे त्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हटले पाहिजे. एरवी अपघाताचे कारण म्हणजे वकिलांच्या कपाटातले गुपित. इथे पुढच्या प्रत्येक धुलाईत कुणाचा तरी जीव अडकलेला होता. खऱ्या जहाजांच्या खऱ्या टाक्यांत मोजमापाची यंत्रे सोडली गेली, धुलाई सुरू केली गेली आणि आतल्या धुक्यातले विद्युतक्षेत्र मोजले गेले. टाकीत खरोखरच भारलेला ढग होता. त्याच्या मध्यभागी हजारो व्होल्टचा दाब साचत होता आणि पंप बंद केल्यावरही ते धुके तासन्‌तास तरंगत राहत होते.

तेव्हा टाकीच्या आत चिमुकली वीज कडाडली असेल, ही कल्पना साहजिकच पुढे आली. पण आकडे जुळेनात. आकाशातल्या विजेला लागणारे क्षेत्र टाकीतल्या क्षेत्रापेक्षा कितीतरी तीव्र असते. शिवाय धुक्यातला भार कोट्यवधी सुट्या थेंबांवर विखुरलेला असतो. तो एकदम एका जागी धावून येऊ शकत नाही. ठिणगी पडायची तर ढगात एखादा विजेचा चांगला वाहक हवा, तो मोकळा हवा आणि जमिनीपासून तुटलेला हवा.

संशोधकांचे बोट शेवटी थांबले ते पाण्यावरच. मोठ्या यंत्राचा जाड झोत लांब जाताना तुटतो आणि त्यातून खाऱ्या पाण्याचे लांबट गोळे सुटतात. असा गोळा यंत्राच्या तोंडाशी असतो तोवर जहाजाला जोडलेला असतो. भोवतीच्या ढगाच्या प्रभावाने त्याच्यावर उलट जातीचा भार ओढला जातो. मग तो तुटतो आणि तो भार पोटात घेऊन खाली येतो. तळाजवळच्या एखाद्या पोलादी तुळईशी किंवा कंगोऱ्याशी पोचण्याआधी, शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये, सगळा भार एका उडीत सुटतो. लहान टाकीत, बारीक झोतांच्या यंत्रांनी असे घडायची शक्यता नगण्य होती. मोठ्या टाकीत ढगाचा दाब वाढला, झोत जाड झाला, गोळे मोठे झाले. धातूचा प्रत्येक तुकडा इमानाने जमिनीला जोडलेला होता, पण पाण्याच्या पडत्या गोळ्याला अर्थिंगची क्लिप कोण लावणार?

हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारे ठरले, तरी ‘मार्पेसा’त नेमके हेच घडले याचा पुरावा समुद्राच्या तळाशी गेला. इतरही संशयित होतेच. उंचावरून पडलेला एखादा धातूचा तुकडा किंवा गंजलेल्या पोलादावर आपटलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा, यांपैकी काहीही चालले असते. इथेच या इतिहासाला खरे वळण मिळते. ठिणगीचे एक कारण सापडले, पण पुढच्या जहाजावर दुसरे निघणार नाही याची हमी कुणी देणार नव्हते. मग तेल, हवा आणि ठिणगी या तिघांपैकी ठिणगीच्या मागे धावणे सोडून हवाच काढून घ्यायची, असे ठरले.

ही युक्तीही नवी नव्हती. अमेरिकेतल्या सन ऑइल कंपनीने स्वतःच्या जहाजावरच्या भीषण स्फोटानंतर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती अमलात आणली होती. जहाजाच्या बॉयलरमधून धुराड्यावाटे जो वायू बाहेर जातो, त्यातला बहुतेक प्राणवायू जळून गेलेला असतो. तो वायू फुकटचा असतो आणि जहाजावर सतत तयार होत असतो. समुद्राच्या पाण्याने तो धुऊन थंड करायचा, गंधक आणि काजळी काढायची आणि पंख्याने टाक्यांत ढकलायचा. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. तो ११ टक्क्यांच्या खाली गेला की तेलाची वाफ कितीही असली तरी पेट घेत नाही. सुरक्षिततेसाठी मर्यादा ठरली ८ टक्क्यांची. ब्रिटिश पेट्रोलियमनेही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्या काही जहाजांवर ही यंत्रणा बसवली होती. बाकी जगाला ती अनावश्यक खर्चाची वाटत राहिली. तीस-पस्तीस वर्षे उपाय हाताशी होता, हे लिहिताना लेखणी अडखळते.

१९६९ नंतर शेलने आणि मागोमाग इतरांनी मोठ्या जहाजांवर हा ‘इनर्ट गॅस’ आणला. कायदा मात्र रखडतच आला. समुद्रावरील सुरक्षेच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय करारात ही यंत्रणा फक्त एक लाख टनांवरच्या नव्या तेलवाहू जहाजांना लागू झाली, आणि तो करार अमलात यायला १९८० उजाडले. दरम्यान १७ डिसेंबर १९७६ रोजी लॉस एंजेलिसच्या बंदरात तेल उतरवून उभे असलेले ‘सॅन्सिनेना’ फुटले. त्याच्यावर इनर्ट गॅस नव्हता. टाक्यांत पाणी भरताना बाहेर ढकललेली वाफ डेकवर साचली आणि कुठल्या तरी ठिणगीने पेटली. नऊ जण मेले, शहरभर काचा फुटल्या आणि अमेरिकन सरकारने विषय लावून धरला. फेब्रुवारी १९७८ मध्ये लंडनला खास परिषद भरली आणि मर्यादा वीस हजार टनांपर्यंत खाली आली. जुन्या जहाजांनाही टप्प्याटप्प्याने त्यात घेतले गेले. २०१६ पासून बांधलेल्या जहाजांसाठी ती आठ हजार टनांवर आली आहे.

टाकीतून हवा गेल्यावर धुलाईची पद्धतही बदलली. प्राणवायू नसेल तर पाण्याऐवजी खुद्द कच्च्या तेलाचाच झोत मारता येतो. तेल उतरवतानाच त्यातले थोडे तेल यंत्रांतून भिंतींवर मारायचे. मेण आणि गाळ त्यात विरघळून मालाबरोबरच बंदरात उतरतात. मालकाचे तेल वाचले, समुद्रात जाणारे तेलकट पाणी घटले, आणि कच्च्या तेलाच्या जहाजांवर ते पांढरे धुके क्वचितच उरले. ज्या जहाजांवर इनर्ट गॅस नसतो, त्यांच्यासाठी १९६९ चे धडे आकड्यांत बांधले गेले: एका यंत्रातून तासाला ६० घनमीटरपेक्षा जास्त पाणी नाही, एका टाकीत सगळी यंत्रे मिळून १८० पेक्षा जास्त नाही, एकदा वापरलेले पाणी पुन्हा फिरवायचे नाही, आणि टाकीत पाण्याची वाफ तर कधीच सोडायची नाही. न्यूकॅसलजवळच्या खाणीतल्या त्या कामगाराला बसलेला झटका या शेवटच्या नियमात जिवंत आहे.

मुंबईच्या बंदरात हा सगळा इतिहास रोज वापरात आहे. घारापुरीजवळच्या जवाहर द्वीपावर, जुन्या बुचर आयलंडवर, तुर्भे-माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी कच्चे तेल घेऊन जहाजे लागतात. ६ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी याच बेटावरच्या डिझेलच्या टाकीवर परतीच्या पावसातली वीज कोसळली. टाकी दोन-तीन दिवस जळत राहिली आणि धुराचा लोट मुंबईतून दिसत होता. जीवितहानी झाली नाही. शेजारच्या टाक्या पेटू नयेत म्हणून अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांच्यावर पाण्याचा मारा चालू ठेवला. विजेच्या ठिणगीपुढे तेल उघडे पडले की काय होते, ते शहराने डोळ्यांनी पाहिले.

तिथल्या धक्क्याला लागलेल्या जहाजावर मात्र पेट्रोल पंपासारखी अर्थिंगची क्लिप शोधून सापडणार नाही. पूर्वी जहाज आणि धक्का यांना जाड केबलने जोडत असत. पुढे कळले की दोघांच्या गंजरोधक यंत्रणांमुळे त्यांच्यात मोठा प्रवाह वाहतो आणि जोड सोडताना तोच ठिणगी पाडतो. म्हणून आता किनाऱ्याकडच्या नळीत वीज अडवणारा इन्सुलेटिंग फ्लँज बसवतात आणि दोघांना विजेच्या दृष्टीने मुद्दाम तोडतात. डेकवर खलाशी हातातले मीटर घेऊन एकेका टाकीपाशी थांबतो, नमुन्याची नळी आत सोडतो, काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहतो आणि प्राणवायूचा आकडा वहीत लिहितो. तो आठच्या आत असल्याची दोन्ही बाजूंनी सही झाल्यावरच पंप सुरू होतो.